जीपी क्लिनिकमधली मेडिकल विद्यार्थ्यांची पोस्टिंग : वेळापत्रक, संमती, शिकवणं, मूल्यमापन

उंबरठा
नमस्कार मंडळी. आमच्या क्लिनिकमध्ये लवकरच शेवटच्या वर्षाचे मेडिकल विद्यार्थी चार-चार आठवड्यांच्या पोस्टिंगला येणार आहेत, एका वेळी एक. डॉक्टर एक, नर्स एक, रिसेप्शनवर एक जण. तपासणीच्या खोल्या दोन आहेत, पण दुसरी खोली नर्स ड्रेसिंग आणि इंजेक्शनसाठी वापरते. कॉलेजने विषयांची यादी आणि लॉगबुक दिलंय. ओपीडी सांभाळून हे सगळं बसवायचं कसं, ते मात्र त्यात नाही.

माझे प्रश्न: ओपीडी रेंगाळू न देता विद्यार्थ्याला पेशंट कसे द्यायचे? पेशंटची परवानगी कोणी आणि कधी विचारायची? दोन पेशंटच्या मधल्या चार-पाच मिनिटांत शिकवायचं काय? आणि शेवटी शेरा कशाच्या आधारावर लिहायचा? ज्यांनी हे चालवलंय त्यांनी कृपया बारकाव्यांसकट लिहा.

मधलीखोली
वेळापत्रकापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पोस्टिंग तिथेच बिघडतात. विद्यार्थी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तीन तास बघत राहतो आणि चौथ्या दिवशी मोबाइल काढतो. दोष त्याचा नसतो. त्याने पेशंट आधी, एकट्याने बघितला पाहिजे, आणि त्यासाठी वेळ आधीपासून कागदावर राखून ठेवलेला हवा. "आज गर्दी कमी असेल तर देऊ" असं म्हटलं की तो वेळ कधीच येत नाही.

दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंट धरून अर्ध्या तासाचा हिशोब असा. दोन पेशंट एकाच वेळी बोलवायचे. पहिला तुमच्या खोलीत, दुसरा विद्यार्थ्याच्या खोलीत. तुम्ही पहिल्या वीस मिनिटांत तुमचे दोन पेशंट संपवता. त्याच वीस मिनिटांत विद्यार्थी हिस्टरी (तक्रारीची आणि आधीच्या आजारांची माहिती) घेतो, तपासतो आणि आपलं मत ठरवतो. शेवटची दहा मिनिटं तुम्ही विद्यार्थ्याच्या खोलीत: केस ऐकणं, महत्त्वाची तपासणी स्वतः पुन्हा करणं, पेशंटशी बोलून निर्णय. अर्ध्या तासात तीन पेशंट झाले, म्हणजे विद्यार्थी नसताना होतात तेवढेच.

तीन तासांच्या ओपीडीत असे सहा अर्धे तास बसतात. पहिल्या आठवड्यात त्यातले दोनच वापरा, दुसऱ्यात तीन, शेवटी चार. सहाच्या सहा कधीच भरू नका. दर तासाला दहा मिनिटांची एक जागा रिकामी ठेवा. ती भरून निघणार नाही असं वाटतं, पण प्रत्यक्षात रोज भरते.

बिघडतं कुठे? तुमचा दुसरा पेशंट पंधरा मिनिटं घेतो, तिकडे विद्यार्थ्याचं संपलेलं असतं आणि पेशंट ताटकळतो. या मोकळ्या वेळात काय करायचं ते विद्यार्थ्याला आधीच सांगून ठेवा: चालू औषधांची यादी आणि डोस लिहून काढणं, वजन-उंची, लसीकरणाची नोंद. उलट बाजूने, वीस मिनिटं झाली आणि हिस्टरी अजून चालूच असेल तर तुम्ही दार वाजवून आत जायचं. अर्धवट असेल तर अर्धवट केस ऐका. तेवढ्यावर मत मांडणं हेही शिकण्यासारखंच आहे.

नर्सच्या खोलीचं म्हणाल तर ड्रेसिंग आणि इंजेक्शन ओपीडीच्या पहिल्या तासात घ्या, विद्यार्थ्याचे पेशंट नंतरच्या दोन तासांत. पहिला तास विद्यार्थी नर्सबरोबर काम करेल. जखम धुणं, टाके काढणं, इंजेक्शन देणं हे तिच्याइतकं नीट दुसरं कोणी शिकवत नाही.

उंबरठा
फार उपयोगी. एक शंका. ज्या दिवशी दुसरी खोली मिळणारच नाही, त्या दिवशी काय?

मधलीखोली
मग विद्यार्थ्याला तुमच्या खुर्चीत बसवा. तुम्ही त्याच्या मागे, थोडं बाजूला, पेशंटच्या नजरेच्या रेषेबाहेर. ही जागा महत्त्वाची आहे. तुम्ही समोर दिसलात की पेशंट उत्तरं तुम्हालाच देतो आणि विद्यार्थी नुसता लिहून घेणारा उरतो. पेशंटने तुमच्याकडे बघितलं तर नजर वहीकडे न्या. मध्ये बोलायचंच असेल तर ते कधी, हे आधी ठरवा: धोका दिसला तर लगेच, एरवी विद्यार्थ्याने "सर, काही राहिलं का?" असं विचारल्यावरच. या पद्धतीत एका पेशंटला वीस मिनिटं जातात, म्हणून एका ओपीडीत असे दोनच घ्या.

केसपेपर
मी क्लिनिक व्यवस्थापनाच्या बाजूने लिहिते. संमती.

"हे आमचे विद्यार्थी, बसले तर चालेल ना?" असं डॉक्टरांनी विद्यार्थ्यासमोरच विचारणं ही संमती नव्हे. तिथे नाही म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते. विचारायचं तीनदा. अपॉइंटमेंट देताना, पेशंट क्लिनिकमध्ये आल्यावर रिसेप्शनवर, आणि विद्यार्थी स्वतः भेटेल तेव्हा त्याच्या तोंडून. पहिले दोन वेळा विद्यार्थी आणि डॉक्टर दोघंही समोर नकोत. वाक्य ठरवून द्या, नाहीतर गर्दीत ते आखडत जातं. उदाहरणार्थ: "आज डॉक्टरांकडे शेवटच्या वर्षाचे मेडिकल विद्यार्थी आहेत. ते आधी तुमच्याशी बोलतील, मग डॉक्टर स्वतः तपासतील. साधारण अर्धा तास लागेल. नको असेल तर डॉक्टर नेहमीसारखं तुम्हाला एकट्यानेच बघतील, तुमचा नंबर मागे जाणार नाही."

शेवटचं वाक्य खरं ठरलं पाहिजे. नकार दिलेल्या पेशंटला जास्त थांबावं लागलं, तर पुढच्या वेळी तो नाइलाजाने हो म्हणेल. म्हणून विद्यार्थ्याच्या यादीतून एखादं नाव गळलं की त्या जागी दुसऱ्याला विचारायचं, नकार देणाऱ्याला हलवायचं नाही.

बिल्ल्यावर आणि ओळख करून देताना "मेडिकल विद्यार्थी" हेच शब्द. "छोटे डॉक्टर", "आमचे नवे डॉक्टर" अजिबात नाही. स्तन, गुदद्वार, जननेंद्रियं यांच्या तपासणीसाठी वेगळी संमती, तपासणीच्या वेळी सोबत तिसरी व्यक्ती, आणि दोन्हींची नोंद केसपेपरवर. डॉक्टर खोलीत नसताना विद्यार्थ्याने ही तपासणी करायची नाही.

कॉम्प्युटरवर विद्यार्थ्याचं स्वतःचं लॉगिन हवं. डॉक्टरांच्या पासवर्डने नोंद केली, तर ती कोणी लिहिली हे पुढे कधीच कळत नाही. पेशंटची नावं असलेले कागद किंवा फोटो क्लिनिकबाहेर जाणार नाहीत, लॉगबुकमध्ये फक्त वय, लिंग आणि तक्रार.

पोस्टिंग सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी लसीची माहिती मागवा. तीन डोस (0, 1 आणि 6 महिने), आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी केलेली अँटिबॉडी तपासणी. पातळी 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवी. डोस झालेत पण तपासणी केलेली नाही, असं बऱ्याचदा आढळतं.

शेवटचंवर्ष
विद्यार्थ्याच्या बाजूने विचारतोय. वॉर्डात पेशंट भरती होताना निदान बहुतेक ठरलेलं असतं, आपण फाइल वाचून जातो. क्लिनिकमध्ये नुसतं "थकवा येतो" एवढंच समोर असतं. वॉर्डातली लांबलचक हिस्टरी वीस मिनिटांत बसत नाही, आणि बसवली तरी हाती काही लागत नाही. नेमकं बदलायचं काय?

तिसराप्रश्न
@शेवटचंवर्ष, हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

1961 मध्ये अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला. एका महिन्यात 1000 प्रौढांपैकी सुमारे 750 जणांना काही ना काही त्रास होतो, 250 डॉक्टरकडे जातात, 9 रुग्णालयात भरती होतात, 5 जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो फक्त 1. तुमचं बहुतेक शिक्षण त्या एकाभोवती झालंय. क्लिनिकमध्ये तुम्हाला ते 250 भेटतात.

फरक संख्येपुरता नाही, त्याने तपासणीचा अर्थच बदलतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक चाचणी आजार असलेल्यांपैकी 90 टक्के लोकांना पकडते आणि आजार नसलेल्यांपैकी 90 टक्के लोकांना बरोबर वगळते. क्लिनिकमध्ये छातीत दुखतंय म्हणून आलेल्या 1000 जणांत खरा हृदयविकार 20 जणांना आहे असं धरा. त्या 20 पैकी 18 पॉझिटिव्ह येतील. उरलेल्या 980 पैकी 98 सुद्धा पॉझिटिव्ह येतील. एकूण 116, त्यात खरे 18, म्हणजे जेमतेम 16 टक्के. तीच चाचणी जिथे 1000 पैकी 500 जणांना आजार आहे अशा विभागात वापरली, तर 450 खरे आणि 50 खोटे, म्हणजे 90 टक्के. चाचणी तीच, रिपोर्टचा कागद तोच, अर्थ वेगळा. क्लिनिकमध्ये "सगळ्या तपासण्या करून टाकू" म्हणणं निरोगी माणसाला आजारी ठरवण्याचा रस्ता आहे, तो असा.

म्हणून हिस्टरीचा क्रम बदला. सुरुवातीला पेशंटला पूर्ण बोलू द्या. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या 1984 च्या अभ्यासात डॉक्टरांनी पेशंटला सरासरी 18 सेकंदांत तोडलं होतं, आणि पहिलं म्हणणं पूर्ण करायला मिळालं ते चारातल्या एकालाही नाही. तोडलं की पहिली तक्रारच मुख्य धरली जाते, आणि खरी तक्रार दार उघडून जाताना बाहेर पडते. पेशंट थांबला की "आणखी काही?" असं विचारा, तो "नाही" म्हणेपर्यंत. मग तीन गोष्टी: त्याला स्वतःला हे कशामुळे झालंय असं वाटतं, भीती कसली वाटते, आणि आज आपल्याकडून काय व्हावं अशी अपेक्षा आहे. हे प्रश्न तोंडपाठ केल्यासारखे विचारले तर पेशंट "ते तुम्हीच सांगा ना" म्हणतो. पेशंटच्याच बोलण्यातला धागा पकडून विचारा: "मघाशी वडिलांचं म्हणालात, तसंच काही असेल असं वाटतंय का?"

त्यानंतर डोक्यात चौकट हवी. ऑस्ट्रेलियातले जॉन मुर्ताग यांची पाच प्रश्नांची पद्धत क्लिनिकला नेमकी बसते. सगळ्यात संभवनीय काय? कोणतं गंभीर कारण सुटता कामा नये? नेहमी नजरेतून काय निसटतं? दुसऱ्या आजाराचं सोंग घेऊन आलेला आजार तर नाही ना? आणि पेशंटला याखेरीज काही सांगायचंय का? सोंग घेणाऱ्यांच्या यादीत ते सात नावं देतात: नैराश्य, मधुमेह, औषधांचे परिणाम, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मणक्याचा त्रास, मूत्रमार्गाचा संसर्ग. "थकवा येतो" म्हणणाऱ्या पेशंटसाठी ही यादी नुसती डोळ्यांसमोर ठेवली तरी काय विचारायचं आणि कोणत्या दोन-तीन रक्ततपासण्या पुरेत, ते सुचत जातं.

राहिली वेळ. रुग्णालयात आजच छडा लावायचा असतो. क्लिनिकमध्ये दोन दिवसांनी पुन्हा बघणं हीसुद्धा तपासणीच आहे, बहुतेकदा स्कॅनपेक्षा चांगली. मात्र "बरं वाटलं नाही तर या" म्हणजे पुन्हा बघणं नव्हे. त्यावर पुढे कोणीतरी लिहा.

मधलीखोली
@तिसराप्रश्न, ते मी घेतो.

पेशंटला घरी पाठवताना चार गोष्टी सांगून लिहून द्यायच्या: पुढे काय होईल असं वाटतंय, किती दिवसांत, कोणती लक्षणं दिसली तर थांबायचं नाही, आणि तेव्हा कुठे, कसं यायचं (रात्री कुठे, हेही). ताप असलेल्या मुलाच्या पालकांना "लक्ष ठेवा" सांगून काही कळत नाही. हे सांगा: श्वास जोरात चालला किंवा छाती आत ओढली जायला लागली, मूल पाणी किंवा दूध घेईना, बारा तासांत लघवी नाही, उठवूनही नीट जागं होत नाही, झटका आला, काचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे लालसर-जांभळे ठिपके दिसले, तर लगेच. ताप पाच दिवस टिकला तर बाकी काही नसलं तरी दाखवायचं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर ते घरी थांबवण्याचं मूल नाहीच.

मग पालकांना विचारायचं, "घरी गेल्यावर आजीला काय सांगाल?" त्यांच्या तोंडून जे राहील ते आपण नीट सांगितलेलं नसतं. हे काम विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यापासून देता येतं. डॉक्टरांसमोर.

आलेपाक
तिसराप्रश्न यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. पण "वेळ हीसुद्धा तपासणी" हे वाक्य विद्यार्थी चुकीच्या जागी वापरतात. खोकल्याचं उदाहरण घ्या. साध्या ब्राँकायटिसचा खोकला सरासरी 18 दिवसांच्या आसपास टिकतो. पेशंटला वाटतं आठवड्यात जाईल, म्हणून तो आठव्या दिवशी अँटिबायोटिक मागायला येतो. तिथे थांबणं योग्य. पण जिथे क्षयरोग जास्त आहे तिथे दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, 18 दिवसांचा हिशोब तिथे लावायचा नाही. रात्रीचा घाम, वजन घटणं, थुंकीत रक्त असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही.

तिसराप्रश्न
बरोबर, आणि वरच्या आकड्यांशी हे जुळतंच. थांबायचं की नाही हे लक्षणावरून अर्धंच ठरतं, उरलेलं तुमच्या भागात तो आजार किती आहे यावरून.

उंबरठा
तिसरा प्रश्न उरलाय. विद्यार्थी केस सांगून झाल्यावर मी काय बोलू? सवयीने मी निदान सांगून मोकळा होतो.

नाडीठोके
ती सवय सगळ्यांचीच. 1992 मध्ये नेहर आणि सहकाऱ्यांनी यासाठी पाच पायऱ्या मांडल्या. पाच मिनिटांत बसतात. वरच्याच खोकल्यावर दाखवते.

विद्यार्थी म्हणतो, "चाळिशीच्या बाई, दहा दिवस खोकला, ताप नाही, छाती साफ." आणि थांबून तुमच्याकडे बघतो. इथे गप्प राहायचं. मग:

"तुला काय वाटतं, आणि तू काय केलं असतंस?" विद्यार्थ्याला मत द्यायला लावणं ही पहिली पायरी, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. "माहीत नाही" आलं तर "आत्ता मी नसतो तर काय केलं असतंस?"

"ब्राँकायटिस. अँटिबायोटिक देईन." – "कशावरून? न्यूमोनिया नाही हे कशावरून ठरवलंस?" इथे कळतं की त्याने श्वास मोजलेत की नुसतं स्टेथो लावलाय.

तिसरी पायरी, एकच नियम शिकवा. "नाडी, श्वास, तापमान नॉर्मल आणि छाती साफ असेल तर न्यूमोनियाची शक्यता फार कमी. अशा खोकल्यात अँटिबायोटिकने फारसा फरक पडत नाही, आणि खोकला तीन आठवडे राहू शकतो हे पेशंटला आजच सांगायचं." यापुढे व्याख्यान नाही. दम्याबद्दल सांगायचा मोह होईल, तो आवरा.

चौथी, बरोबर केलेलं नेमकं सांगा. "ऑक्सिजन न सांगता बघितलास, ते चांगलं केलंस." पाचवी, चूक सुधारा. "रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे ते विचारलं नाहीस. एसीई इनहिबिटरने कोरडा खोकला होतो."

पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी मारली जाते, नेहमीची चूक हीच. विद्यार्थ्याचं मत ऐकलंच नाही तर तो काय चुकतोय हे कळणार कसं?

जरा धीट विद्यार्थी असेल तर केस पेशंटसमोरच सांगायला लावा. पेशंट मध्येच दुरुस्त करतो, "नाही, दहा दिवस नाही, महिना होत आला." वेळही वाचतो. नाजूक विषय असेल तर बाहेर बोला.

शेवटचंवर्ष
बघत बसायचा जो वेळ असतो (पहिले दोन दिवस तरी असतोच), त्यात काय करायचं?

नाडीठोके
काम घेऊन बस. घड्याळ आणि चार ओळींचा कागद. पेशंटचं पहिलं वाक्य जसंच्या तसं. डॉक्टरांनी पहिल्यांदा कधी तोडलं. खरी तक्रार कितव्या मिनिटाला आली. डॉक्टरांनी काय विचारलं नाही किंवा कोणती तपासणी टाळली, आणि का टाळली असावी. ओपीडी संपल्यावर शेवटच्या ओळीवर दहा मिनिटं बोलायचं. अनुभवी डॉक्टर जे गाळतात त्यामागे कारण असतं, आणि ते कधीच लिहून ठेवलेलं नसतं. कधी कधी कारण नसतंही. तेही समोर येतं.

केसपेपर
एक गोष्ट राहिली होती, सुरक्षिततेची. विद्यार्थ्याने बघितलेला कोणताही पेशंट डॉक्टरांनी स्वतः बघितल्याशिवाय क्लिनिकबाहेर जाता कामा नये. साधी सर्दी असली तरी. प्रिस्क्रिप्शनवर सही डॉक्टरांची, कोऱ्या कागदावर आधी करून ठेवलेली नाही.

सुई टोचली तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, घासायचं नाही. लगेच डॉक्टरांना सांगायचं, ओपीडी संपेपर्यंत थांबायचं नाही. ज्याची सुई होती त्या पेशंटच्या संमतीने त्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासण्या. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर शक्य तितक्या लवकर, काही तासांत. 72 तासांनंतर ती सुरू करत नाहीत. ही औषधं जवळ कुठे मिळतात तो पत्ता आणि फोन पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याला लिहून द्या. टोचल्यावर शोधाशोध करण्यात वेळ जातो.

आलेपाक
हातांच्या कौशल्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्लिनिकमध्ये रोज रक्तदाब मोजला जातो आणि रोज चुकीचा मोजला जातो. विद्यार्थ्याला हे एक जरी पक्कं शिकवलंत तरी पुढची तीस-चाळीस वर्षं त्याचे पेशंट नको त्या गोळ्यांपासून वाचतील.

पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. लघवी लागलेली नाही. दंड उघडा, टेबलावर टेकलेला, कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) हृदयाच्या पातळीला. कफच्या आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या 80 टक्के, रुंदी 40 टक्के. जाड दंडाला छोटा कफ लावला तर आकडा जास्त येतो, हात लोंबकळत ठेवला तरी जास्त, मोजताना पेशंट बोलत राहिला तरी जास्त. म्हणजे या तिन्ही चुका एकाच दिशेला नेतात. हाताने मोजत असाल तर आधी मनगटावरची नाडी बंद होईपर्यंत फुगवा, तो आकडा लक्षात ठेवा, मग पुन्हा त्याच्या 20 ते 30 वर नेऊन सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने सोडा. नाडी न बघता थेट फुगवलं तर मधल्या शांत पट्ट्यात (काहींचे ठोके मध्येच थोडा वेळ ऐकू येत नाहीत, तिथे) फसून वरचा दाब कमी लिहिला जातो. मिनिटाने पुन्हा मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही हात. आणि शून्यावर संपणारे आकडे सारखे यायला लागले तर विद्यार्थी अंदाजाने लिहितोय.

मुलांचा श्वास पूर्ण 60 सेकंद मोजायचा, 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. मूल शांत हवं, रडताना मोजलेला आकडा निरुपयोगी. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन ते बारा महिने 50, एक ते पाच वर्षं 40, याला जलद श्वास म्हणायचं.

कान बघताना मोठ्यांचा कान वर-मागे ओढायचा, लहान बाळाचा खाली-मागे. ओटोस्कोप पेनसारखा धरून करंगळी गालावर टेकवायची, म्हणजे मूल हललं तरी हात त्याच्याबरोबर हलतो.

तिसराप्रश्न
@केसपेपर, एका मुद्द्यावर विचारतो. मानसिक त्रास असलेले पेशंट विद्यार्थ्याला द्यायचे नाहीत, असं बऱ्याच क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच ठरतं. माझा त्याला विरोध आहे. नैराश्याचे बहुतेक पेशंट मानसोपचाराच्या वॉर्डात कधीच जात नाहीत, क्लिनिकमध्येच येतात, तेही पाठदुखी किंवा झोप नाही म्हणून. ते इथे बघितले नाहीत तर कुठे बघणार?

केसपेपर
पटतं. आमचा नियम विषयावर नाही, भेटीच्या हेतूवर आहे. रिपोर्टमध्ये वाईट बातमी सांगायची आहे, घरात मारहाण होत असल्याचा संशय आहे, किंवा पेशंटने "डॉक्टरांशी एकट्याने बोलायचंय" म्हटलंय, तर विद्यार्थी नाही. बाकी सगळ्यांना विचारायचं.

नाडीठोके
आणि विद्यार्थ्याला आत्महत्येबद्दल थेट विचारायला शिकवा. "जगणं नकोसं वाटतं का? स्वतःला संपवावं असं कधी मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उत्तर "हो" आलं तर पेशंटला एकटं न सोडता डॉक्टरांना खोलीतच बोलवायचं, उठून शोधायला जायचं नाही. इंटरकॉम किंवा घंटी नसेल तर आधी ती लावा.

उंबरठा
आता शेवटचं, मूल्यमापन.

नाडीठोके
लॉगबुकवरच्या सह्या शेवटच्या दिवशी एकदम केल्या, तर त्या हजेरीच्या सह्या होतात. विद्यार्थी पेशंटशी वागताना प्रत्यक्ष बघणं हाच आधार, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी होतं. केस छान सांगणारा विद्यार्थी पोट न तपासताच "पोट मऊ" सांगू शकतो. नॉर्सिनी यांनी 1995 मध्ये मांडलेली मिनी-सीईएक्स पद्धत वापरा: पंधरा-वीस मिनिटं बघायचं, पाच-दहा मिनिटं बोलायचं, त्याच दिवशी लिहायचं. आठवड्याला एक, दर वेळी वेगळा भाग, कधी नुसती हिस्टरी, कधी नुसतं समजावून सांगणं.

लिहिताना कृती लिहा. "संवाद कमी पडतो" यातून कोणाला काही कळत नाही. "पेशंटने मुलीच्या मृत्यूचा उल्लेख केला तेव्हा थेट पुढचा प्रश्न विचारला" हे वाचून विद्यार्थ्याला काय बदलायचं ते कळतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी अर्धा तास राखून ठेवा. गंभीर उणीव असेल तर ती तेव्हाच लेखी सांगा, कॉलेजलाही कळवा. शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहिलं की नापास करणं अन्यायाचं वाटतं, मग डॉक्टर काठावर पास करतात आणि तो प्रश्न पुढच्या पेशंटकडे जातो. न सांगता गैरहजेरी, न केलेली तपासणी लिहिणं, पेशंटबद्दल हलकं बोलणं, या तिन्हींना दुसऱ्या आठवड्याची वाट बघायची गरज नाही.

शेवटचंवर्ष
आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना एकच धास्ती आहे. इतके आठवडे क्लिनिकमध्ये घालवले तर वॉर्डातल्या परीक्षेत मागे पडू का?

तिसराप्रश्न
याचं उत्तर लांब पोस्टिंगमधून मिळतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने 1971 मध्ये विद्यार्थ्यांना नऊ महिने ग्रामीण डॉक्टरांकडे ठेवायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने 1997 पासून काही विद्यार्थ्यांचं पूर्ण वर्ष ग्रामीण जनरल प्रॅक्टिसमध्ये घेतलं, मेडिसिन, सर्जरी, बालरोग सगळं तिथूनच. फ्लिंडर्सचे ते विद्यार्थी परीक्षेत मोठ्या रुग्णालयात राहिलेल्यांपेक्षा मागे पडले नाहीत, उलट सरस ठरले. एकच पेशंट पहिल्या तक्रारीपासून ऑपरेशननंतरच्या ड्रेसिंगपर्यंत बघायला मिळणं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं.

चार आठवड्यांत तेवढं जमणार नाही, पण काही अंशी जमतं. पहिल्या आठवड्यातले चार पेशंट निवड: एक नवा मधुमेह किंवा रक्तदाब, एक ज्याला थांबून बघायचं ठरलंय असा, एक रेफर केलेला, एक बरा होऊन येणारा. त्यांच्या पुढच्या तारखा तुझ्या पोस्टिंगच्या आत पाडून घे, आणि त्या त्या दिवशी त्यांना तूच आधी बघ.

मधलीखोली
@उंबरठा, याच्यासाठी रिसेप्शनवर वेगळी वही ठेवा. नाव आणि तारीख विद्यार्थ्याने आदल्या दिवशी तिथे तपासायची, नाहीतर पेशंट येतो, तुमच्या रांगेत बसतो आणि विद्यार्थ्याला पत्ताच नसतो.

उंबरठा
वही आजच काढली. संमतीचं वाक्य छापून रिसेप्शनच्या टेबलावर चिकटवतोय, नर्सताईंशी पहिल्या तासाचं बोलणं झालंय. घंटी लावून घ्यायची आहे. पहिली बॅच सुरू झाली की वेळापत्रकात काय बसलं, काय नाही, ते इथेच लिहीन.